तुम्ही भाषण लिहून का देत नाही?

पंधरा ऑगस्ट जवळ आला, शिक्षक दिन आला, डिसेंबरातल्या स्नेहसंमेलनाच्या तारखा लागल्या की फोन सुरू होतात. "मॅडम, पोरीचं नाव दिलं स्पर्धेत. पाच मिनिटाचं लिहून द्या ना जी, ते पाठ करून टाकते." मी नाही म्हणते. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही, मग ठरलेला प्रश्न येतो: "काहून जी? पहिले तर देत होत्या तुम्ही."

देत होते. शाळेत मराठी शिकवत होते तोवर एका जाड वहीत सगळी भाषणं तयार असायची. एक ऑगस्टला टिळक, तीन जानेवारीला सावित्रीबाई. टिळकांच्या भाषणात शेंगांची टरफलं यायचीच, ती नसली तर ऐकणाऱ्यांनाच चुकल्यासारखं वाटायचं. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो, मी आज तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत' ही सुरुवात तर कितीतरी घरांत आईला आणि लेकराला एकत्रच पाठ असते. माझ्या वहीतल्या भाषणांनी मुलांना बक्षिसं मिळाली. ती मुलं आता मोठी झाली, काही जण आजही भेटले की त्यातल्या ओळी म्हणून दाखवतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

पण त्यांच्यापैकी कोणी मला त्या विषयाबद्दल कधी काही सांगितलेलं नाही. फक्त ओळी सांगतात.

पाठ केलेलं भाषण मुलाच्या तोंडात कसं वागतं ते मी जवळून पाहिलंय. एक शब्द निसटला की मूल थांबतं, वर बघतं आणि पुन्हा 'आदरणीय व्यासपीठ'पासून सुरू करतं. मधून धरता येत नाही, कारण मधलं काही त्याचं नसतंच. परीक्षकांनी साधं विचारलं, "बाळा, हे तू कुठे वाचलंस?" तर उत्तर येतं, "मॅडमनी दिलं." यात मुलाचा काही दोष नाही. त्याला आपण काही शोधायलाच पाठवलेलं नसतं.

म्हणून मी आता लिहून देत नाही, कामाला लावते. विषय मिळाला की पहिले काही दिवस लिहायचंच नाही. त्या गोष्टीबद्दल स्वतः काही पाहिलेला एक माणूस शोधायचा आणि त्याला विचारायचं. छापलेलं काहीतरी शोधायचं, मग तो आपल्या नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या ग्रंथालयातला पेपर असो की पुस्तक, आणि तारीख उतरवून घ्यायची. आणि एक गोष्ट स्वतः मोजायची, टेपनं म्हणा, घड्याळानं म्हणा. एवढं झाल्यावर माझ्यासमोर बसून बोलायचं, मी फक्त "पुढे?" म्हणते. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्दांच्या वर जात नाही, त्यामुळे पाच मिनिटांत काय काय मावणार नाही हे मुलांना फार लवकर कळतं. मग काटछाट. शेवटी हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर वाक्यं नाहीत, फक्त खुणेचे शब्द आणि आकडे. पाठ करायचं ते पहिलं वाक्य आणि शेवटचं. पहिलं, कारण तेव्हा पाय कापत असतात. शेवटचं, कारण ते नसलं तर मूल 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते' वर जाऊन पडतं.

एक वडील म्हणाले, "मोठे वक्ते कुठं एवढी तयारी करतात मॅडम? उभे राहिले की सुरू." मी त्यांना संविधान सभेतलं बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचायला दिलं. संविधान सभेनं फार वेळ घेतला, लोकांचा पैसा घालवला, अशी तेव्हा ओरड होती. बाबासाहेब तिथूनच धरतात. सभेला लागलेला काळ दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस. अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं. मग आपल्या संविधानाची ३९५ कलमं आणि अमेरिकेची सात. सुचवलेल्या दुरुस्त्या ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. एवढा हिशेब समोर ठेवला, त्यानंतरच ते राजकारणातल्या भक्तीबद्दल, म्हणजे व्यक्तिपूजेबद्दल, आणि २६ जानेवारी १९५० ला आपण ज्या विसंगतीत पाऊल टाकणार तिच्याबद्दल बोलतात: राजकारणात समता, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. तो शेवटचा भाग सगळ्यांना तोंडपाठ आहे, आधीचे आकडे कोणाला आठवत नाहीत. मला वाटतं, त्या आकड्यांनीच पुढच्या इशाऱ्याला वजन दिलं. इतकी माहिती गोळा केलेला माणूस घाबरवण्यासाठी बोलत नाही, हे ऐकणाऱ्याला तोवर कळलेलं असतं.

आणि आपल्या गावातलं भाषण तर आहेच, १५ ऑक्टोबर १९५६ चं. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीचं. लोक विचारत होते, नागपूरच का निवडलं? त्यांनी तोच प्रश्न हातात घेतला आणि नाग लोकांचा इतिहास, इथून वाहणारी नाग नदी, असं सांगत उत्तर दिलं. हे मी माझ्या वक्तृत्वाच्या वर्गात वाचून दाखवते, कारण ऐकणारी मुलं दीक्षाभूमीच्या रस्त्यानं रोज येतात-जातात.

त्या वाचनानंतरच आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, ते नाग नदी म्हणजे आमच्या घरामागचा नालाच ना?"

तिचं नाव सांगणार नाही. नदीकाठच्या वस्तीत राहते. तिची स्पर्धा आंतरशालेय होती, विषय 'पाणी वाचवा, जीवन वाचवा'. आई पहिल्याच दिवशी म्हणाली, लिहून द्या. मी म्हटलं, तिला शोधू द्या. मुलगी शोधायला लागली आणि थांबेचना. नदी वाडीकडच्या लावा गावाच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरीतून शहरात शिरते, पुढे पिवळी नदीला आणि मग कन्हानला मिळते, हे तिनं नकाशावर बोटानं दाखवलं. नदीच्या पुनरुज्जीवनासाठी १,९२७ कोटींच्या आसपासचा प्रकल्प मंजूर झाल्याची बातमी आणली. मी सांगितलं, कानाला एवढा आकडा पेलत नाही, 'एकोणीसशे कोटींच्या वर' म्हण. मग ती २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपाशी आली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली, लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. वस्तीतली एक बाई म्हणाली पाणी चारला आलं, दुसरी म्हणाली पाचला. मुलगी गोंधळून आली, "खरं कोनाचं धरू?" मी म्हटलं, दोघींचं सांग, तेच खरं आहे.

आणि तिनं मोजलं. आजीची शिवणकामाची टेप घेऊन भिंतीवरची पुराची रेघ मोजली. मी ती रेघ पाहायला गेले होते. वरून चुना मारलेला, तरी खालचा गिलावा फुगून पोपडे धरलेला, आणि जिथे पोपडे संपतात तिथे मातकट कड, कॅलेंडरच्या खिळ्याखालून दाराच्या चौकटीपर्यंत सरळ गेलेली. तीन फूट चार इंच.

स्पर्धेच्या दिवशी माइक तिच्याहून उंच होता, कोणी खाली करून दिला नाही. तिनं 'आदरणीय व्यासपीठ' म्हटलं नाही. "आमच्या घराच्या भिंतीवर, तीन फूट चार इंचांवर, एक रेघ आहे," इथून सुरुवात केली. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. नकाशा, पाऊस, तलाव, सगळं नीट चाललं होतं. त्या पहाटे मूकबधिर विद्यालयातल्या मुलांना बाहेर काढलं, हे तिच्या पुठ्ठ्यावर होतं. तिथं ती आली आणि थांबली. विसरली नव्हती, पुठ्ठा हातातच होता. बराच वेळ ती समोर बघत राहिली. चौथ्या मिनिटाची घंटा झाली. मग तिनं पुठ्ठा खाली केला आणि म्हणाली, "माझ्या भावाला आईनं फ्रिजवर बसवलं होतं. त्याला वाटलं खेळ आहे. तो हसत होता. आई त्याला धरून पाण्यात उभी होती."

हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस रोज भेटत होतो, तिनं कधी सांगितलं नव्हतं. सभागृहात कोणी हललं नाही. ती पुढे बोलत राहिली, पण शेवटची घंटा वाजली, आणि घोटून घेतलेलं शेवटचं वाक्य न म्हणताच ती खाली उतरली.

निकाल लागला. पहिला नंबर आला एका मुलाचा, 'जल हेच जीवन' खणखणीत म्हणणाऱ्याचा. आवाज, उच्चार, हातवारे, सगळं उत्तम. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, वाक्यं वहीतली आहेत हे मला पहिल्या ओळीला कळलं तरीही. परीक्षक मनोगतात म्हणाले, "एका विद्यार्थिनीनं विषय सोडून पुराची माहिती दिली, आणि भावनेच्या भरात वेळेचं भान राहिलं नाही." पाणी वाचवा या विषयात पुराचं काय काम, असा त्यांचा सूर होता. अतिक्रमणानं आणि गाळानं कोंडलेली नदी हा पाण्याचाच प्रश्न आहे, हे मी त्यांना तिथंच सांगायला उठले होते. मुलीनं माझा पदर ओढला, म्हणून बसले.

बाहेर तिची आई उभी होती. म्हणाली, "तुम्ही लिहून दिलं असतं तर नंबर आला असता मॅडम." हे मी ऐकून घेतलं असतं. पण ती पुढे म्हणाली, "आमच्या घरचं सारं लोकायले सांगून आली पोरगी. हे कोनी सांगतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'मला माहीत नव्हतं' म्हणता आलं असतं, ते खरंही होतं. पण सुरुवात स्वतःच्या भिंतीपासून कर, हे तिला मीच सांगितलं होतं. ती मुलगी नंतर वर्गाला आली नाही.

तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा तुम्हाला वाटतं की मी तत्त्वाचं काही सांगणार. खरं तर तुमच्या प्रश्नानंतर मी रात्री त्या वहीतल्या बाईंशीच, म्हणजे पूर्वीच्या माझ्याशीच, भांडत बसते. त्या बाई म्हणतात, पाठांतरानं भाषा जिभेवर बसते, तू स्वतः तशीच शिकलीस. हे मला मान्य आहे. त्या म्हणतात, आधी मूल मंचावर उभं तर राहू दे, शोधणं-बिधणं नंतर. हे मला अर्धंच मान्य आहे, कारण ते 'नंतर' येताना मी फारसं पाहिलेलं नाही. कॉलेजात गेलेली मुलं येऊन तेच मागतात, फक्त विषय मोठा असतो. पण त्या आईच्या वाक्यानंतर या बाई एक नवीन मुद्दा घेऊन येतात, आणि तो मला खोडता येत नाही. म्हणतात, दुसऱ्याच्या शब्दांमागे लेकराचं घर झाकलेलं राहतं. गरिबाघरच्या पोरानं टिळकांच्या टरफलांवर बोलावं, टाळ्या घ्याव्यात, कोणी त्याच्या भिंतीकडे बघणार नाही. तू त्याला भिंत उघडी करायला लावतेस आणि समोर नंबर देणारे बसवतेस.

यावर मी म्हणते, त्या मुलीनं त्या दिवशी जे सांगितलं ते सांगायला तिला जागाच कुठे होती? ती पहाट घरात कोणी बोलत नव्हतं. नकाशा, पाऊस, रेघ, एवढं सगळं गोळा केलं म्हणून तिला तिथवर पोचता आलं. पुठ्ठ्यावरचं सगळं पक्कं होतं, म्हणून पुठ्ठा खाली ठेवता आला. हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण तिला पोचायचं होतं का, हे मी तिला विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला ती समोर नाही.

तरी लिहून देणार नाही. एवढंच बदललंय की तयारीच्या पहिल्या दिवशी आता मी विचारते, यातलं काय लोकांसमोर बोलायचं नाही? ते आधी वेगळं काढून ठेवतो. पहिली-दुसरीच्या लेकरांना चार ओळी सांगते, त्यात वाद नाही. बाकीच्यांनी स्पर्धेच्या आदल्या रात्री फोन करू नये, तीन आठवडे आधी मुलाला पाठवावं. टेप मी देईन.

गेल्या आठवड्यात त्याच आईचा फोन आला. धाकटा आता चौथीत आहे, त्याचं नाव शाळेनं वक्तृत्वात घातलंय. मी म्हटलं, पाठवा. ती म्हणाली, पाठवते, पण यावेळी लिहून द्यायचं असेल तरच. मी अजून तिला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. स्पर्धेचा विषय आहे 'माझी आई'.