एक मिनिट बारा सेकंद

मंगळवार, रात्री पावणेदोन

आज दिवसभर एकाच सीनवर अडकून पडले होते. सीन माझ्या पहिल्या चित्रपटातला, चार वर्षांपूर्वी एडिट पक्कं करून हातावेगळा केलेला. लांबी एक मिनिट बारा सेकंद. आई कपड्यांच्या घड्या घालतेय, मागे रेडिओवर जुनं गाणं लागलंय आणि मधेच तिच्याही नकळत ती धृपद गुणगुणायला लागते. अख्ख्या चित्रपटात ही बाई इथेच काय ती सुखात दिसते.

एक ओटीटी चित्रपट घ्यायला तयार आहे. त्यांनी कागद मागितले: पटकथेचा करार, कलाकारांची संमतीपत्रं, संगीताचे हक्क. सगळं फायलीत होतं. गाण्याचा कागद काढला तर तो फक्त फेस्टिव्हलपुरता, दोन वर्षांचा, आणि मुदत केव्हाच उलटलेली. तेव्हा तेवढंच परवडत होतं. म्हटलं, पुढचं पुढे बघू. पुढचं आता समोर येऊन बसलंय.

गाण्याचे हक्क म्हणजे एक परवानगी नसते, दोन असतात. चाल आणि शब्द ज्यांच्या मालकीचे त्यांची एक, आणि ते विशिष्ट रेकॉर्डिंग ज्यांचं त्यांची दुसरी. दोन्हीकडे विचारलं. सर्व माध्यमं, सगळे देश, कायमस्वरूपी, अशा हक्कांसाठी जो आकडा आला तो आमच्या अख्ख्या शूटिंगच्या खर्चापेक्षा मोठा होता. मेल दोनदा वाचला, लॅपटॉप मिटला, भांडी घासली.

यात दोष द्यायला दुसरं कुणी नाही. सेटवर साउंड रेकॉर्डिस्ट कानीकपाळी ओरडत होता की गाणं आत्ता वाजवू नकोस, ताईंच्या (आईचं काम करणाऱ्या) कानात इअरपीस दे, खरं गाणं नंतर मिक्समध्ये घालू. मला तेव्हा ‘खरेपणा’ची फार हौस. खरा रेडिओ, खरं गाणं, खरी खोली! त्यामुळे ताईंचा आवाज आणि गाणं एकाच ट्रॅकवर असे मिसळलेत की आज सॉफ्टवेअरने वेगळे करून बघितले, तर ताई विहिरीच्या तळातून बोलतायत असं वाटलं. सीन एका टेकमध्ये घेतलाय हे त्यातल्या त्यात नशीब.

शिवाय गाणं काढून भागत नाही. गुणगुणणंही त्याच चालीचं आहे. रेकॉर्डिंगवाल्यांचा प्रश्न मिटतो, चालीवाल्यांचा तसाच राहतो.

अशा वेळी अमेरिकन दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट आठवतात. विद्यार्थी असताना सुट्टीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात शूट करून त्यांनी १९७७ मध्ये ‘किलर ऑफ शीप’ पूर्ण केला. त्यात वाजणाऱ्या गाण्यांचे हक्क नव्हते, म्हणून रीतसर प्रदर्शित व्हायला २००७ उजाडलं. तीस वर्षं! मधल्या काळात तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीतही गेला, तरी तिकीट काढून बघायची सोय नाही. आणि २००७ मध्येसुद्धा एका गाण्याचे हक्क मिळाले नाहीतच. चित्रपटातलंच दुसरं गाणं तिथे पुन्हा वापरलं.

या आठवणीने धीर यायला हवा. मला मात्र आधी हिशेबच सुचतो: तीस वर्षांनी मी किती वयाची असेन?

‘सध्या नवीन काय?’ असं लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं? की दुसऱ्याच्या जाहिराती एडिट करून भाडं भरते, आणि उरलेल्या वेळात जुन्या चित्रपटाचे कागद गोळा करते? दुसरी पटकथा एकतिसाव्या पानावर थांबलीय. अमेरिकन दिग्दर्शिका केली रायकार्टचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९९४ चा आणि दुसरा २००६ चा. मधे ती सुपर-८ वर, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या फिल्मवर, छोट्या फिल्म्स करत होती. तिच्या परिचयात या दोन सालांमध्ये एक स्वल्पविराम असतो. त्या स्वल्पविरामात माणूस काय करत असतं ते मला आता कळायला लागलंय.

शुक्रवार, संध्याकाळ

संगीतकार मित्राने नवी चाल बांधून दिली. अट एकच होती: घडी घालताना ताईंचा डावा पाय ठेका धरतो, तो चुकता कामा नये. त्याने आवाज बंद करून सीन वीसेक वेळा बघितला, बोटांनी टेबलावर ठोकत लय मोजली आणि त्याच लयीत रेडिओला शोभेलसं गाणं केलं. छान आहे. (मूळ गाण्याइतकं नाही. हे त्याला सांगणार नाही.)

उरलं गुणगुणणं. काल ताईंना डबिंगला बोलावलं. चार वर्षांत आवाज थोडा खाली उतरलाय, पण माईकसमोर उभ्या राहिल्यावर खांदे तसेच सैल सोडले. पहिल्या तीन टेकना सवयीने जुनीच चाल तोंडात आली. चौथ्यांदा हेडफोन काढून म्हणाल्या, “अगं, ती बाई हेच गाणं का गुणगुणते, ते तू मला तेव्हा सांगितलं होतंस. तिच्या आईचं आवडतं म्हणून. मग हे नवीन कुणाचं?”

मी म्हटलं, “हेही आईचंच, ताई. दुसरं आवडतं.”

त्यांनी जरा वेळ काचेतून माझ्याकडे बघितलं, हेडफोन चढवले आणि म्हणाल्या, “लाव.”

सहावा टेक ठेवलाय. ओठ दोन ठिकाणी जुळत नाहीत. एका ठिकाणी ती मान खाली घालते, तिथे खपून जाईल. दुसऱ्याचं सोमवारी बघू.