पिवळा उजेड

“लाईट कमी आलीया व्हय?” हॉलमध्ये पाऊल टाकताच आईनं विचारलं.

लाईट पुरेपूर होती. मीच ट्यूब बंद करून कोपऱ्यात पिवळा बल्ब लावला होता आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखा अंग चोरून बसलो होतो.

आषाढातले दिवस. अख्ख्या कोल्हापूरचं लक्ष एकाच आकड्याकडं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ. आमचं घर चढाला आहे, पण २०१९ च्या महापुराचा धसका काही जात नाही. टीव्हीवर पंचगंगा, मोबाईलवर पंचगंगा आणि डोक्यावर ती पांढरीफटक ट्यूब. घरात आहे की एसटी स्टँडवर, कळेना.

बल्ब घेताना दुकानदारानं खोक्यावरचा आकडा दाखवला. पांढऱ्यावर ६५०० केल्विन, पिवळ्यावर २७००. आकडा कमी तसा उजेड उबदार, उलटंच वाटतं. पण लोहाराकडं बघितलं असेल तर पटतं. लोखंड तापताना आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं होत जातं. आकडा त्या तापण्याचा. चुलीचा जाळ यात कुठंतरी दोन हजाराच्या आसपास बसतो. आणि पांढऱ्या उजेडातल्या निळ्या छटेमुळं शरीराला रात्र झालीय हे उशिरा कळतं, झोप लांबते, हेही खरं.

हे सगळं आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“रॉकेलच्या चिमणीत डाळ निवडून माझं डोळं गेलं. तुला पुन्हा चिमणी पाहिजे काय?”

यावर काय बोलणार? मला जो उजेड निवांत वाटतो, त्यात तिला गरिबी दिसते. शेवटी तह झाला. दिवेलागणीला लक्ष्मी यायची वेळ, तेव्हा ट्यूब. जेवणं आटोपली की पिवळा बल्ब.

उजेडाचं मिटलं तसं पांघरुणाचं निघालं. बायकोनं ऑनलाइन मागवलेलं एक गुबगुबीत पांघरूण होतं. दिसायला झकास, पण अंगावर ओढलं की नुसती चिकचिक. पोरगी म्हणाली, “मी नाही घेत हे, मी आजीची वाकळ घेतो.” (आमच्याकडं पोरीही ‘घेतो’च म्हणतात. बाहेरगावचे पाहुणे दचकतात.)

वाकळ माळ्यावर होती. उघडली तसा डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. ऊन दाखवावं तर ऊन कुठलं? दोन दिवस तशीच दोरीवर टाकली. वजन म्हणाल तर अंगावर कुणीतरी हात ठेवून बसल्यासारखं. पाच-सहा जुनी लुगडी एकावर एक, कडेनं घातलेले मोठमोठे धावदोरे, कुठं सरळ, कुठं गप्पांच्या नादात वाकडे गेलेले.

रात्री ती पोरीच्या पायांवर पसरली. बाहेर पन्हाळ गळत होती. आईनं चष्मा चढवला आणि एका ठिगळावर बोट ठेवलं.

“हे माझ्या सासूचं. आणि हे...” ती थांबली. “हे जांभळं का काळं गं?”

पोरगी वाकली, बायको वाकली. पिवळ्या उजेडात कुणालाच सांगता येईना.

“ट्यूब लाव की रं जरा.”

मी उठून ट्यूब लावली. जांभळं होतं. आईच्या डोहाळजेवणातलं. मग पुढचं ठिगळ, मग त्याच्या शेजारचं. ट्यूब बंद करायची राहूनच गेली.