प्रीमियर पद्मिनी : गरम इंजिनाचा रुसवा आणि भरकटणारा स्लो

माझी प्रीमियर पद्मिनी 1986 ची असून तिचे 1089 सीसीचे मूळ इंजिन अजून तिच्यातच आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिच्यात दोन तक्रारी एकत्र दिसू लागल्या. सकाळी थंड इंजिन चोक ओढल्याबरोबर सुरू होत असे, पण पुण्याच्या वाहतुकीतून तासभर चालवून गाडी थोडा वेळ उभी केली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरे आणि इंजिन काही केल्या पकडत नसे. सुरू झालेच, तर स्लो, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची मंद गती, एका जागी टिकत नसे. टॅकोमीटर जोडून पाहिले असता काटा मिनिटाला 600 ते 1100 फेऱ्यांच्या दरम्यान सावकाश वरखाली होत होता, आणि सिग्नलला थांबल्यावर अनेकदा इंजिन बंद पडत होते.

या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या, तरी त्यांची तपासणी एकाच क्रमाने करावी लागते, असे माझे ठाम मत आहे. जुनी गाडी गॅरेजमध्ये गेली की स्क्रूड्रायव्हर सर्वात आधी कार्बोरेटरच्या स्क्रूला लागतो. स्लो वाढवला की गाडी बंद पडत नाही आणि काम झाल्यासारखे वाटते, पण मूळ दोष प्रज्वलनात असेल तर तो वाढवलेल्या फेऱ्यांखाली झाकला जातो आणि पुढच्या तपासणीसाठी विश्वासार्ह आधारच उरत नाही. म्हणून या वेळी मी आधी कॉम्प्रेशन, मग बॅटरीपासून सेल्फपर्यंतची वीज, त्यानंतर डिस्ट्रीब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणारा भाग) आणि सर्वात शेवटी कार्बोरेटर असा क्रम ठरवला, आणि प्रत्येक टप्प्यावर मोजमाप लिहून ठेवल्याशिवाय पुढे गेलो नाही.

कॉम्प्रेशनबद्दल फार सांगण्यासारखे नाही. टॅपेट (व्हॉल्व्हजवळचे अंतर) थंड इंजिनावर पुस्तिकेप्रमाणे लावल्यानंतर, चारही प्लग काढून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून घेतलेले आकडे 128, 125, 130 आणि 124 पीएसआय आले. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असल्यामुळे रिंग, व्हॉल्व्ह आणि हेडचे पॅकिंग यांच्यावरचा संशय दूर झाला.

बॅटरी, अर्थिंग आणि सेल्फ

सेल्फ गरम असताना जड फिरतो याचा अर्थ सेल्फ खराब आहे असा लगेच घेतला जातो आणि तो खोलायला दिला जातो. त्याआधी व्होल्टमीटरने पाच मिनिटांची एक तपासणी करावी, अशी माझी सर्वांना विनंती आहे. ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या कॉइलची तार काढून ठेवून सेल्फ मारत असताना बॅटरीच्या दोन टोकांवर 10.4 व्होल्ट मिळाले, पण सेल्फच्या जाड टर्मिनलपासून त्याच्या बॉडीपर्यंत फक्त 9.1 व्होल्ट पोहोचत होते. म्हणजे 1.3 व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवली तेव्हा त्यांपैकी 0.8 व्होल्ट एकट्या अर्थिंगच्या बाजूला जात असल्याचे दिसले. सेल्फ दीडशे अँपिअर ओढतो असे धरले, तर त्या बाजूला 120 वॅट निव्वळ उष्णतेच्या रूपाने वाया जात होते. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी सेल्फ मारल्यानंतर हाताला चांगलीच गरम लागत होती, आणि तिच्या टोकाखाली रंग व गंज यांचा थर साचलेला होता.

ही पट्टी बदलली, बसण्याची जागा धातू दिसेपर्यंत घासली आणि धन बाजूची केबलची टोकेही नवीन बसवून घेतली. आता सेल्फवर 9.8 व्होल्ट पोहोचतात. याचा फायदा केवळ सेल्फलाच होतो असे नाही, कारण सेल्फ फिरत असताना कॉइललाही याच उरलेल्या दाबावर ठिणगी तयार करावी लागते. कॉइलवर पूर्वी सेल्फ मारताना 8.7 व्होल्ट होते, ते आता 9.5 झाले. कॉइल गरम झाली की तिच्यातील तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो, त्यामुळे 30 अंशांना 3.2 ओहम असणारी प्राथमिक गुंडाळी 80 अंशांना जवळजवळ 3.8 ओहमची होते आणि तिच्यातून जाणारा प्रवाह तितकाच घटतो. थंड इंजिनाला जी वीज जेमतेम पुरते तीच गरम इंजिनाला अपुरी पडते, याचे निम्मे उत्तर येथे मिळाले.

डिस्ट्रीब्युटर, म्हणजेच आपले मिस्त्री ज्याला डेल्को म्हणतात तो

सर्वाधिक वेळ येथे गेला आणि सर्वाधिक उलगडाही येथेच झाला. आधी कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवर उडणारी ठिणगी शोषून घेणारा भाग, पाहिला. सीबी पॉइंटच्या (कॉइलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काच्या) एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला होता, आणि हे कंडेन्सरच्या दोषाचे जुने लक्षण आहे. मीटरवर त्याची धारिता 0.22 मायक्रोफॅरड, म्हणजे योग्यच होती. मात्र केस वाळवण्याच्या यंत्राने तो तापवला आणि पुन्हा जोडला, तेव्हा निळी आणि कडकडीत ठिणगी नारिंगी आणि मलूल झाली. थंड अवस्थेतील मोजमापावर कंडेन्सर चांगला ठरवू नये, हे यातून स्पष्ट होते. नाना पेठेतून आणलेल्या नव्या कंडेन्सरांपैकी काही याच गरम चाचणीत टिकले नाहीत. शेवटी एका दुकानातील जुन्या साठ्यातला, पण न वापरलेला कंडेन्सर तापवूनही ठिणगी न बदलणारा निघाला आणि तोच बसवला. सुट्या भागांचा दर्जा हा आपल्यापुढचा मोठा प्रश्न होत चालला आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे या गाडीच्या भागांना वर्षानुवर्षे नियमित गिऱ्हाईक होते. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली आणि तो आधार संपला.

त्यानंतर ड्वेल मीटर जोडला. ड्वेल म्हणजे शाफ्ट फिरताना पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात तो कोन. पॉइंटमधील अंतर 0.42 मिलिमीटर ठेवले असताना स्लोवर ड्वेल 54 अंश आणि 2000 फेऱ्यांना 60 अंश दिसत होता. फेऱ्या बदलल्याने ड्वेल तीन अंशांहून अधिक बदलत असेल, तर शाफ्टचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजला आहे असे समजण्यास हरकत नाही. शाफ्ट डगमगतो तेव्हा पॉइंटमधील अंतर प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळे होते, आणि मग 1-3-4-2 या क्रमातील एक ठिणगी लवकर तर दुसरी उशिरा पडते. वेगात हे जाणवत नाही. पण 800 फेऱ्यांच्या स्लोवर सेकंदाला सुमारे 27 ठिणग्या पडतात आणि इंजिनाकडे स्वतःला सावरण्याइतकी गती नसते, म्हणून प्रत्येक चुकीच्या वेळेची ठिणगी फेऱ्यांवर थेट उमटते. बुश लेथवर नवीन करून घेतल्यानंतर ड्वेल स्लोवर 58 आणि 2000 फेऱ्यांना 59 अंश झाला.

एवढे करूनही सावकाश वरखाली होणारा काटा पूर्ण थांबला नव्हता. टायमिंग गन (ठिणगीची वेळ दाखवणारा दिवा) लावून पाहिले तेव्हा व्हॅक्यूमची नळी काढून बंद केलेली असतानाही स्लोवर टायमिंगची खूण एका जागी न राहता पुढे सरकत आणि परत येत होती. डिस्ट्रीब्युटरच्या पोटात दोन वजने असतात. फेऱ्या वाढल्या की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पाडतात, तर दोन स्प्रिंगा त्यांना आत ओढून धरतात. या दोन स्प्रिंगा मुद्दामच सारख्या नसतात. पातळ स्प्रिंग सुरुवातीपासून ताणलेली असते, तर जाड स्प्रिंगच्या कडीत थोडी मोकळीक ठेवलेली असते, जेणेकरून ती वरच्या फेऱ्यांनाच कामाला लागावी. माझ्या डिस्ट्रीब्युटरमधील पातळ स्प्रिंग सैल पडली होती, त्यामुळे वजने 700 फेऱ्यांनाच हलू लागत होती. असे झाले की फेऱ्या किंचित वाढताच ठिणगी लवकर पडते, ती लवकर पडल्याने फेऱ्या आणखी वाढतात, पुढे मिश्रण अपुरे पडून त्या खाली येतात आणि मग हेच चक्र पुन्हा सुरू होते. स्लो भरकटण्याचे मुख्य कारण हे होते, आणि कार्बोरेटरचा कोणताही स्क्रू फिरवून ते दूर झाले नसते. स्प्रिंग बदलल्यावर, वजनांच्या खिळ्यांना तेलाचा थेंब दिल्यावर आणि टायमिंग पुन्हा लावल्यावर खूण स्लोवर स्थिर झाली, आणि साधारण 1000 फेऱ्यांनंतरच पुढे सरकू लागली.

हवा कोठून ओढली जाते

आता व्हॅक्यूम मीटरची पाळी आली. डिस्ट्रीब्युटरला जाणाऱ्या नळीवर तो लावून उपयोग नाही, कारण ते छिद्र थ्रॉटलच्या झडपेच्या कडेशी असते आणि स्लोवर तेथे जवळजवळ काहीच दाखवले जात नाही. म्हणून कार्बोरेटरच्या पायाखाली बसणारा, बाजूला नळी असलेला एक स्पेसर करून घेतला. चांगल्या इंजिनाचा व्हॅक्यूम स्लोवर पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांदरम्यान असतो असे पुस्तके सांगतात, पण ते आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने येथे दोन इंच वजा करूनच तुलना करावी लागते. डिस्ट्रीब्युटरच्या कामापूर्वी मला 12 ते 14 च्या दरम्यान थरथरणारा काटा दिसला होता. त्या कामानंतर तो स्थिर झाला, पण 14 वरच अडला. स्थिर पण कमी व्हॅक्यूम म्हणजे टायमिंग मागे असणे किंवा कोठेतरी फुकटची हवा ओढली जाणे. टायमिंग तर नुकतेच लावलेले होते.

हवा शोधण्यासाठी अनेक जण कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. गरम एक्झॉस्टजवळ ज्वलनशील द्रव उडवणे मला मान्य नाही. त्याऐवजी ब्रशने जाड इंजिन ऑइल संशयाच्या प्रत्येक सांध्यावर लावत गेलो. पायाखालच्या पॅकिंगवर काही फरक पडला नाही. थ्रॉटल स्पिंडलच्या (झडप फिरवणाऱ्या दांड्याच्या) टोकाला तेल लागताच मात्र व्हॅक्यूम इंचभर वर गेला आणि इंजिनाचा आवाज बदलला. स्पिंडल आणि त्याचे भोक दोन्ही झिजले असून, तेथून आत शिरणारी हवा मिश्रण पातळ करते आणि ती दर वेळी सारखीही नसते, कारण स्पिंडल प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी बसतो. तात्पुरता उपाय म्हणून स्पिंडलच्या दोन्ही टोकांना पातळ ओ-रिंग बसवल्या आहेत. त्यामुळे व्हॅक्यूम साडेपंधरावर आला आहे.

या टप्प्यावर प्रथमच सोलेक्स कार्बोरेटरला हात लावला. फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरट चिकट साका होता आणि स्लोसाठी पेट्रोल देणारे पायलट जेट अर्धवट बंद झाले होते. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, आणि पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या चेंबरमध्ये त्याचे परिणाम दिसतात. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट पुरते, म्हणजेच जुन्या मापाच्या जेटवर इंजिन जवळपास आठ टक्के पातळ चालते. माझ्याकडे 45 क्रमांकाचे पायलट जेट आहे. ते बदलून 50 चे बसवावे असा सल्ला वारंवार दिला जातो, पण व्यास 45 वरून 50 केला की छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे 23 टक्क्यांनी वाढते, आणि ते गरजेपेक्षा बरेच जास्त आहे. जेट न बदलता व्हॉल्यूम स्क्रू (स्लोचे मिश्रण ठरवणारा) थोडा बाहेर घेऊन व्हॅक्यूमचा सर्वोच्च आकडा मिळवला आणि मग स्लो 850 वर ठेवला. हे सध्या पुरेसे ठरले आहे.

गरम इंजिन सुरू करण्याचा उरलेला भाग

वीज आणि प्रज्वलन सुधारल्यावर गरम सुरुवात खूप सोपी झाली, परंतु भर दुपारी अडचण अजून पूर्ण गेलेली नाही. गाडी बंद केल्यावर इंजिनाची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते, फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उकळते आणि आत टपकते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याने बाष्पदाबही वाढतो. यालाच सरसकट व्हेपर लॉक म्हटले जाते, पण दोन्ही अवस्थांत फरक आहे. एसी पंपात (पेट्रोल ओढणाऱ्या यांत्रिक पंपात) वाफ अडकली असेल तर प्लग कोरडे मिळतात, आणि पेट्रोल आत टपकले असेल तर ओले. माझे प्लग ओले निघाले. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर वारंवार दाबू नये, कारण प्रत्येक दाबाला कार्बोरेटरचा पंप आणखी पेट्रोल आत फेकतो. चोक पूर्ण आत ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला की भरपूर हवा आत जाते आणि इंजिन पकडते. याच कामात पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या एसएई जे30 आर9 दर्जाच्या घेतल्या आणि एसी पंपाचा पडदा बदलला, कारण जुना पडदा ताठ झाला होता.

स्पिंडलच्या भोकाला पितळी बुश घालून घेण्याचे काम आता लेथवर द्यायचे आहे. ते करताना झडप बंद स्थितीत चहूबाजूंनी सारखी टेकते का, हे उजेडासमोर धरून पाहावे लागेल. त्यानंतर कार्बोरेटरखाली जाड उष्णतारोधक स्पेसर घालून कात्रजच्या घाटात, दुपारच्या उन्हात गरम सुरुवातीची चाचणी घेणार आहे. ज्यांच्या पद्मिनीत मूळ बुश आणि मूळ स्प्रिंगा असलेला डिस्ट्रीब्युटर अजून चालू आहे, त्यांनी 700, 1000, 1500 आणि 2000 फेऱ्यांना व्हॅक्यूमची नळी काढून टायमिंग किती पुढे जाते हे मोजून कळवावे. माझी स्प्रिंग दुसऱ्या गाडीच्या डिस्ट्रीब्युटरमधून घेतलेली असल्याने तिचा ताण मूळ वक्राशी किती जुळतो, हे त्या आकड्यांशिवाय ठरवता येणार नाही.