पोर्तो सांतो : नऊ किलोमीटर पुळण आणि उलट्या वेळेला येणारी माणसं

पोर्तो सांतो या अटलांटिकमधल्या छोट्या पोर्तुगीज बेटाला एका दिवसात जाऊन येणारी माणसं बघितली की मला मनापासून हळहळ वाटते. शेजारच्या मादेरा बेटावरचं मुख्य शहर फुंशाल; तिथून जहाज सकाळी आठला सुटतं आणि सव्वादोन-अडीच तासांनी बेटाला लागतं. बंदरापासून गाव दीड-दोन किलोमीटर, त्यामुळे बस धरा नाहीतर चाला. कपडे बदलून पाण्यात पाय बुडेपर्यंत अकरा वाजतात. संध्याकाळी परतीचं जहाज गाठायचं म्हणून सगळं आवरून उठावं लागतं ते वेगळंच.

आता घड्याळाचा हिशोब बघा. हे बेट जवळजवळ १६ अंश पश्चिमेला आहे, पण घड्याळ लिस्बनचं चालतं, आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे असतं. म्हणून सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, दुपारी दोनच्या आसपास. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य मावळतो नऊला थोडा वेळ असताना. म्हणजे एका दिवसाच्या पाहुण्याच्या वाट्याला नेमकं सगळ्यात कडक ऊन आणि सगळ्यात जास्त गर्दी येते. इथली पुळण खरी सुखाची असते ती सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर. तेव्हा हे लोक जहाजावर असतात नाहीतर त्याच्या वाटेवर.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच : इथे किमान तीन रात्री काढा, जमल्या तर चार. तेवढी सवड नसेल तर मादेरालाच राहा, तिथे बघण्यासारखं भरपूर आहे.

हे बेट मादेराच्या ईशान्येला, पोर्तुगालच्याच ताब्यात. लांबी ११ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ६, वस्ती सुमारे ५ हजार. मादेरा उंच, हिरवी आणि उभ्या कड्यांची; तिच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी काळे गोटे. मादेरावर कल्येता आणि माशिकोला पिवळी वाळू दिसते ती मोरोक्कोतून आणून टाकलेली. पोर्तो सांतो याच्या अगदी उलट आहे : उघडंबोडकं, पिवळट, पावसाला पारखं. आणि दक्षिणेला जवळजवळ ९ किलोमीटरची सलग पुळण, गावाच्या पूर्वेपासून थेट पश्चिम टोकाच्या कल्येतापर्यंत. (हे नाव दोन्ही बेटांवर आहे. मुक्काम आणि टॅक्सी ठरवताना बेटाचं नाव सांगायला विसरू नका.)

या वाळूबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मूठभर घेऊन बोटांत चोळली की ती आपल्या कोकणातल्या वाळूसारखी करकरत नाही, पिठाच्या चाळणीतून उरलेल्या बारीक रव्यासारखी लागते. भिंगाखाली धरली तर कण गोलसर, दुधी, मधेच एखादा गुलाबी तुकडा. ही दगडाची वाळू नव्हेच. समुद्रातल्या चुनखडी शेवाळांचा आणि शिंपल्यांचा हा चुरा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबाचा थेंब टाकला की फसफसते. हिमयुगात समुद्र खाली गेला तेव्हा उघडा पडलेला हा चुरा वाऱ्याने बेटावर आणून टाकला. उत्तरेच्या फोंते दा आरेयाला त्याचेच थर दगड होऊन उभे आहेत, वाऱ्याने कोरून कोरून जाळीदार झालेले. समोरच्या इल्येऊ दा काल या छोट्या बेटाचं नावच चुन्यावरून पडलं आहे. तिथून खणलेल्या चुन्यावर मादेराची घरं बांधली गेली. शिंपल्यांच्या चुन्याची भिंत ज्यांनी कोकणात पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल.

सांधे दुखणारी वयस्क माणसं इथे गरम वाळूत कमरेपर्यंत पुरून घेऊन बसतात. ही पद्धत जुनी आहे, आणि काही हॉटेलांत तापवलेल्या वाळूचं स्नान पैसे घेऊन देतात. औषध म्हणून त्याचं वजन किती, हा डॉक्टरांचा विषय. ऊब मात्र खरी आहे आणि वीस मिनिटांत अंग सैल पडतं. रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, आणि छाती कधीच झाकून घेऊ नका.

आता वारा. बेटावरची प्रत्येक गोष्ट वाऱ्याला विचारून उभी आहे, त्यामुळे सहलीचा बेतही त्याला विचारूनच करायचा. उन्हाळ्यात वारा बहुतेक दिवस ईशान्येकडून येतो. पुळण दक्षिणेला, म्हणजे बेटाच्या आडोशाला, म्हणून समुद्र शांत राहतो. पण बेटाच्या पूर्वेला डोंगर, पश्चिमेला डोंगर आणि मधे सपाटी. त्या सपाटीवर उत्तर-दक्षिण आडवी विमानाची धावपट्टी टाकली आहे, आणि वाऱ्यालाही तोच मोकळा रस्ता मिळतो. तेव्हा गावाजवळ वाळू पायांना टोचू लागली तर हताश होऊन खोलीवर जाऊ नका. पश्चिमेकडे, आना फेरेरा डोंगराच्या बाजूला सरकून बघा. एक-दोन किलोमीटरवर पुष्कळदा फरक पडतो.

छत्रीचा भरवसा धरू नका. वरची कोरडी वाळू दांड्याला धरत नाही. पहिल्या झोताला छत्री उपटून शेजारच्याच्या अंगावर जाते, आणि त्यात माणसं जखमी होतात. हाताने उकरून खालचा ओलसर थर लागेपर्यंत जा, साधारण हातभर, दांडा तिथे रोवा आणि वारा येतो त्या बाजूला छत्री कलती करा. त्याहून बरं म्हणजे स्थानिक लोक वापरतात तो पारा-व्हेंतो : तीन-चार खुंट्यांवर ताणलेलं कापड. वाऱ्याच्या बाजूला अर्धगोल लावायचा आणि त्याच्या आत आडवं व्हायचं. गावातल्या दुकानात मिळतो, आणि चार दिवसांत पैसे वसूल होतात.

हीच युक्ती इथल्या द्राक्षाच्या मळ्यांत बघायला मिळते, आणि मला बेटावरची सगळ्यात देखणी गोष्ट तीच वाटते. वेली मांडवावर चढवत नाहीत. जमिनीवर पसरू देतात. त्यांच्याभोवती चुनखडीच्या दगडांचे बुटके गडगे, मातीचुन्याशिवाय रचलेले, आणि रचताना दगडादगडांत मुद्दाम भोकं ठेवलेली. त्या भोकांमुळे याला क्रोशाच्या भिंती म्हणतात, आणि दुरून खरंच विणकामासारख्या दिसतात. भिंत भरीव असती तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरा करून कोसळला असता. भोकांतून गाळून आला की त्याचा जोर मोडतो. कोकणात माडाच्या झापांचं कुंपण घालणारा माणूस ही भिंत पाहून मान डोलावेल.

वारा अंगाला गार लागतो म्हणून ऊन जाणवत नाही, आणि इथेच लोक भाजून निघतात. बेट ३३ अंश उत्तरेला आहे, म्हणजे आपल्या जम्मूच्या सरळ रेषेत. जुलैचं ऊन तिथेही तसंच. सनस्क्रीन ५० चं, दर दोन तासांनी, पावलांच्या वरच्या बाजूलासुद्धा. दुपारी साडेबारा ते साडेतीन सरळ सावलीत झोपा.

महिना कोणता? ऑगस्ट नको. मादेराची माणसं सहकुटुंब इथे येतात; खोल्या महाग, जहाजावर जागा नाही. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरची सुरुवात उत्तम, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा २२-२३ अंशांवर असतं. मार्च-एप्रिलला ते १८ च्या आसपास उतरतं. गोव्याच्या पाण्याची सवय असलेल्याला २२ सुद्धा आधी थंडच वाटेल. हळूहळू आत जा, दहा मिनिटांनी बरं वाटतं.

पाण्यात उतरण्याआधी झेंडा बघा. हिरवा म्हणजे मोकळीक. पिवळा असेल तर पाण्यात उभं राहायला हरकत नाही, पण पोहायचं नाही. तांबडा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे जीवरक्षक तात्पुरता जागेवर नाही. हा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. कल्येताच्या टोकाला पाण्याखाली खडक आहेत. ओहोटीला ते दिसतात, भरतीला दिसत नाहीत, म्हणून तिथे पहिल्यांदा ओहोटीलाच जा. लहान मुलं असतील तर गावाजवळची सपाट वाळू बरी.

जहाजाची गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची सहल तिथेच बिघडते. नाव लोबो मारिन्यो, म्हणजे समुद्री लांडगा. या भागात सीलला असं म्हणतात. फुंशाल सोडल्यावर बराच वेळ जहाज मादेराच्या दक्षिण किनाऱ्याच्या आडोशाने जातं. पाणी संथ, लोक कॉफी पितात, केक खातात. मग साओं लोरेंसोचं टोक मागे पडतं, आडोसा संपतो, आणि उत्तरेकडची अटलांटिकची लाट बाजूने लागते. पाचच मिनिटांत अर्धी खोली हिरवी-पिवळी होते. तेव्हा मळमळीची गोळी घेऊन उपयोग नाही; ती पोटात टिकत नाही. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची, नाश्ता कोरडा आणि थोडा करायचा, आणि बसायचं खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर. पुढच्या काचेजवळची जागा सुंदर दिसते, पण हेलकावा तिथेच सर्वांत जास्त. परत येताना क्रम उलटा : खवळलेला भाग आधी आणि संथ नंतर. म्हणून परतीची गोळी हॉटेल सोडतानाच घ्या. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली नाही म्हणून कितीतरी जणांनी पुढची रात्र आडवं पडून घालवली आहे.

जानेवारीत जहाज काही आठवडे देखभालीसाठी बंद असतं, आणि गर्दीचा हंगाम नसताना आठवड्यातून एक दिवस सुटत नाही. आधी जहाजाचं वेळापत्रक उघडा, मग हॉटेल ठरवा. उलटं केलं की एक रात्र वाया जाते. पंख्याचं छोटं विमान पंधरा-वीस मिनिटांत पोचवतं, पण सामानाची मर्यादा कडक.

फुंशालच्या विमानतळावर वाऱ्याची मर्यादा ठरलेली आहे, आणि ती ओलांडली की विमानं उतरू देत नाहीत. अशी कित्येक विमानं पोर्तो सांतोच्याच तीन किलोमीटरच्या धावपट्टीवर येऊन थांबतात. यासाठी दोन नियम पाळा. पोहण्याचे कपडे, औषधं आणि एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. आणि परत जाताना जहाज व मुंबईचं विमान यांच्यामध्ये फुंशालला एक रात्र राखा. ती रात्र वाचवायला जाल तर सगळी तिकिटं एका झोतात जातील.

शेंगेन व्हिसा मादेरा आणि पोर्तो सांतोला चालतो. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो, शुल्क ९० युरो, आणि ३० हजार युरोंचा विमा लागतो. उन्हाळ्यासाठी भेटीची वेळ मिळणं कठीण, तेव्हा फेब्रुवारी-मार्चलाच हालचाल सुरू करा.

जेवणाबद्दल एक आनंदाची गोष्ट. मेन्यू हातात घेतला की निम्मे शब्द ओळखीचे निघतात : बटाटा, कोबी, पाव, अननस हे शब्द पोर्तुगीजमधूनच आपल्याकडे आले. खोलीची चावीही तिथलीच. बोलो दो काको हा रताळं घालून तव्यासारख्या गरम दगडावर भाजलेला जाड पाव. मधोमध चिरून लसूण-लोणी घालतात. तो गरमच मागा. कालदो व्हेर्द हे कोबीच्या पानांचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. 'सें शोरिसो, सें कार्न' असं सांगावं लागतं. मासे खाणाऱ्यांनी खडकाला चिकटणाऱ्या शंखांचे लापाश मागवावेत, लसूण-लोण्यात तव्यावर चरचरत येतात, लिंबू पिळून खायचे. टेबलावर न मागता येणारा पाव आणि ऑलिव्ह यांचे पैसे लागतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट मानत नाही.

बेटावर बघण्यासारखं एवढंच : आना फेरेराचे षटकोनी खडकांचे खांब, आणि कोलंबस राहिला असं मानलं जाणारं घर, त्याची बायको बेटाचा पहिला सुभेदार पेरेस्त्रेलो याची मुलगी. या पेरेस्त्रेलोने आणलेल्या सशांनी सगळी पिकं फस्त केली, हे जुन्या बखरीत लिहून ठेवलं आहे. एक सकाळ पुरे. पिण्याचं पाणी समुद्राचंच गोडं करून येतं, गेली चाळीसहून अधिक वर्षं, म्हणून अंघोळ आटोपशीर करा.

संध्याकाळी जहाज भोंगा देऊन निघतं आणि साओं लोरेंसोच्या दिशेला लहान होत जातं. त्यानंतर दोन तास पुळणीवर सहसा दहा-बारा माणसंच उरतात. वाऱ्याचा जोर ओसरलेला असतो, वाळू अजून कोमट, पाणी अंगाला दुपारपेक्षा ऊबदार लागतं. गावात आइस्क्रीमवाल्यापुढे रांग लागायला सुरुवात होते. ती साडेनऊपर्यंत असते, घाई नाही.