आर्वी ते धारणी व्हाया चिखलदरा: चार फ्यूज अन् एक सायकलची ट्यूब

दिवाळीनंतर मी, मावसभाऊ अन् भाऊजी असे तिघं निघालो. आर्वी, कौंडण्यपूर, तिवसा, अमरावती, परतवाडा, चिखलदरा अन् दुसऱ्या दिवशी सेमाडोह-हरिसालवरून धारणी. जुनी हॅचबॅक, पण महिनाभराआधीच तिच्यात फोर चॅनल अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा डबा) अन् डिक्कीत सब (धमक देणारा मोठा स्पीकर) बसवलेला, त्याच्यामुळे मावसभावाचा सगळा जीव गाण्यात. कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या माहेरी दर्शन घेतलं, वर्धेच्या काठी चहा झाला, तोपर्यंत सगळं मस्त होतं.

आसेगावच्या अलीकडं एका ब्रेकरवर गाडी आदळली अन् गाणं बंद. डेक चालू, गाण्याचं नाव पुढं सरकून राहिलं, आवाज शून्य. बोनेट उघडलं तर बॅटरीजवळचा ६० अँपिअरचा मेन फ्यूज उडालेला. एक स्पेअर होता तो घाईघाईत लावला, लावल्याबरोबर ठिणगी अन् तोही गेला. इथंच माझी चूक झाली. फ्यूज लावताक्षणी उडला म्हणजे गाण्याचा आवाज, स्पीकर वगैरेचा काही संबंध नाही, वायर कुठंतरी सरळ बॉडीला लागलेली असते नाहीतर अ‍ॅम्प आतून शॉर्ट असतो, तिथं दुसरा फ्यूज टाकणं म्हणजे पैसे जाळणं.

परतवाड्याला एका इलेक्ट्रिकवाल्याकडं गेलो तर तो म्हणे, "भाऊ, शंभरचा टाकून देतो ना, कायले टेन्शन घेता." भाऊजी लगेच तयार! मी हात जोडले. तो फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसते, वायरसाठी असते. आमची वायर ८ गेज जाडीची, तिला ५०-६० च्या वर झेपत नाही, अन् शॉर्ट झाला की बॅटरी शेकड्यानं अँपिअर सोडते, मंग फ्यूजच्या जागी वायर जळते, तीही डॅशबोर्डच्या आत. म्हणूनच मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे, सीटखाली लपवून ठेवला तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघडीच राहिली.

पण त्या माणसाकडं हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब होता अन् तो आपल्याला फार कामी आला. फ्यूज काढून त्याच्या जागी बल्बच्या दोन वायरी जोडायच्या. बल्ब फुल पेटून राहिला तर शॉर्ट आहेच, अन् करंट ५ अँपिअरच्या आसपास अडकतो म्हणून काही जळत नाही. नुसता क्षणभर चमकून विझला तर ठीक, अ‍ॅम्पमधले कपॅसिटर भरले एवढंच. आमचा फुल पेटला. अ‍ॅम्पकडची प्लस वायर सोडली तरी पेटलेलाच, म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष. मंग मावसभाऊ वायर जागोजागी हलवत गेला अन् इंजिन-डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यापाशी हलवली तसा बल्ब विझला. बसवणाऱ्यानं भोकात रबराचं ग्रोमेटच (वायर घासू नये म्हणून बसवतात ते कडं) टाकलं नव्हतं, पत्र्याच्या धारेनं महिनाभरात इन्सुलेशन कापून टाकलं. बॅटरीचा मायनस काढला, वायरला टेप मारला, बाजूच्या पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणून भोकात गुंडाळून बसवला. घरी आल्यावर खरं ग्रोमेट टाकलं, पण ती ट्यूब पूर्ण ट्रिप टिकली. ६० चे दोन फ्यूज तिथंच घेऊन ठेवले, पेट्रोलही तिथंच टाकलं. तुम्हीही वर जायच्या आधी टाकून घ्या.

धामणगाव गढीवरून घाट चढलो. चिखलदरा साधारण १,११८ मीटरवर, थंडी बऱ्यापैकी, अन् विदर्भात कॉफी पिकते ती इथंच, हे भाऊजींना पटेपर्यंत दोन कप झाले. भीमकुंड संध्याकाळी पहा.

दुसऱ्या दिवशी सेमाडोहकडं उतरलो. हा मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प आहे राजेहो, गाणी बंद ठेवा, काचा खाली करा. रेंजही जाते, म्हणून वायरिंगचा आकृतीवाला फोटो मोबाइलमध्येच ठेवलेला बरा. धारणी जवळ आली तसा मावसभावानं दोन दिवसांचा आवाज एकदम काढला अन् पुन्हा शांतता.

यावेळी मेन शाबूत, अ‍ॅम्पवरचे २० अँपिअरचे दोन पिवळे फ्यूज गेले होते. हलक्या आवाजात चालते अन् मोठ्यात उडते, म्हणजे लोड जास्त. लॉजवर रात्री सगळ्या स्पीकर वायरी अ‍ॅम्पमधून काढल्या, नवे २० चेच लावून चालू केला, फ्यूज टिकला, म्हणजे घोळ स्पीकरच्या बाजूला. मंग मल्टिमीटर लावून ओहम मोजले, ओहम जितके कमी तितका अ‍ॅम्पवर लोड जास्त. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या जवळपास दाखवते, आमचा सब दोनच्याही खाली. सबच्या चार-चार ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या होत्या, त्याचे झाले दोन, अन् अ‍ॅम्प ब्रिजमध्ये (दोन चॅनल एकत्र जोडून) चारच्या खाली चालवू नका असं त्याच्याच पाठीवर लिहिलेलं! कॉइल सिरीजमध्ये घेतल्या, आठ ओहम झाले. धमक थोडी कमी झाली, मावसभाऊ अजून कुरकुर करते, पण धारणी ते आर्वी एकही फ्यूज गेला नाही.

मायनस काढाल तर डेकची सेटिंग उडते, घड्याळ पुन्हा लावावं लागते. आमचं अजून बाराच दाखवून राहिलं.