प्रीतीश नंदी यांची खुर्ची आणि पूर्व भागातली मुलाखत

सोलापुरात प्रीतीश नंदींचं नाव काढलं की बहुतेकांना शिवसेनेचे राज्यसभा खासदार (१९९८ ते २००४) आठवतात, नाहीतर सिनेमांचे निर्माते. पत्रकार नंदी मागेच राहतात, आणि आपल्याकडच्या पोरांनी बघावा तो नेमका तोच माणूस.

जन्म १५ जानेवारी १९५१, बिहारमधल्या भागलपूरचा. घर बंगाली, शिक्षण कोलकात्यात. विशी यायच्या आत इंग्रजी कवितांचं पुस्तक आलं, बंगाली कवींचे अनुवाद केले, १९७७ला पद्मश्री मिळाली. मग मुंबई: १९८३ ते १९९१ ‘इलस्ट्रेटेड वीकली’ या इंग्रजी साप्ताहिकाचं संपादकपद. नंतर दूरदर्शनवर स्वतःच्या नावाचा मुलाखतींचा कार्यक्रम, १९९३ला स्वतःची निर्मिती कंपनी. ८ जानेवारी २०२५ला मुंबईत निधन.

कागदावरून कॅमेऱ्यासमोर जाणं हा या प्रवासातला अवघड टप्पा. सोलापुरात दैनिकांतले कितीतरी बातमीदार आज तोच टप्पा ओलांडताहेत, हातात मोबाइल नाहीतर छोटा कॅमेरा घेऊन. छापील मुलाखतीत विस्कळीत बोलणं टेबलावर बसून सावरता येतं. शेवटचा प्रश्न उचलून वर लावता येतो. चित्रफितीत तो सांधा लगेच दिसतो. म्हणून प्रश्नांचा क्रम आधीच ठरलेला हवा. अर्ध्या तासाला आठ-नऊ प्रश्न पुष्कळ झाले, आणि प्रत्येक प्रश्न एका श्वासात संपणारा.

विडी कामगार मावशींना “तुमची परिस्थिती कशी आहे?” विचारलं की “काय सांगायचं बाबा, चाललंय” एवढंच येतं. “मावशी, हजार विड्यांना हातात किती पडतात? त्यात खराब म्हणून किती काढतात? पानं भिजवून कापायला किती वेळ जातो?” असं विचारा. आकडा सांगताना माणूस आपोआप गोष्ट सांगायला लागतो. तेव्हा मध्ये बोलू नका. उत्तर संपल्यावर मनात तीन अंक मोजा; खरं वाक्य बऱ्याचदा त्या तीन अंकांत येतं. छापील मुलाखतीतली “हो हो, बरोबर” म्हणायची सवय इथे घातक आहे, कारण तुमचा हुंकार त्यांच्या शब्दावर बसतो आणि मग काढता येत नाही. मान हलवा, तेवढं पुरे.

सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. मावशींना तेलुगूत मोकळं वाटत असेल तर तेलुगूतच बोलू द्या आणि खाली मराठी ओळी द्या. शेजारी बसलेल्या मुलाला दुभाषा केलं की पाच मिनिटांत ती मुलाची मुलाखत होते.

आता आवाज. चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक बघतात, आवाज फाटला की बंद करतात. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, पदराच्या किंवा दागिन्याच्या घासण्यापासून दूर. पाहुण्याला एक आणि तुम्हाला एक माइक, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे दोघांचा आवाज वेगवेगळा नोंदला जाईल असे. सर्वांत मोठ्या आवाजाला आवाजाची पातळी दाखवणारा काटा उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मध्ये राहावा. आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी सोय बंद करा. नाहीतर माणूस थांबला की यंत्र आवाज वर ओढतं आणि शेजारच्या यंत्रमागाचा खटखटाट उसळून येतो. मागाच्या शेडमध्ये मुलाखत घेऊच नका. जेवणाच्या सुट्टीत, माग थांबल्यावर घ्या आणि मागाचा आवाज दोन मिनिटं वेगळा टिपून नंतर हलकाच मिसळा. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करणं जिवावर येतं, पण छताचा पंखा माइकवर घरघरतोच. दहा-दहा मिनिटांनी थांबा, पंखा लावा, पाणी द्या, पुन्हा सुरू करा. उठण्याआधी रिकाम्या खोलीची तीस सेकंदांची शांतता टिपायला विसरू नका. दोन तुकडे जोडताना मधली फट तिनेच भरते.

तुमची खुर्ची कॅमेऱ्याला अगदी चिकटून हवी. हातभर दूर बसलात तर पाहुण्याचा एकच कान दिसतो.

एकच कॅमेरा असेल तर आधी पाहुण्याची पूर्ण मुलाखत होते आणि मग कॅमेरा फिरवून तुमचे प्रश्न पुन्हा टिपले जातात. इथे मोठी चूक होते. दुसऱ्यांदा विचारताना प्रश्न जरा धारदार करावासा वाटतो. “मजुरी कधी वाढली?” याचं “मजुरी का वाढू दिली नाही?” झालं की समोरच्याच्या उत्तराचा अर्थच फिरतो, आणि तो माणूस तिथे नसतो. हा लबाडपणा आहे. पहिल्या वेळचे प्रश्न ध्वनिमुद्रणातून ऐकून कागदावर शब्दशः उतरवा आणि तेच वाचा. शक्य असेल तर तेवढा वेळ पाहुण्यालाही बसवून ठेवा.