शेजारची पथकं आधी संपतात

पंचवटीतल्या आमच्या पथकात मी नव्या पोरांना ताशा शिकवतो. अमेरिकेतल्या ड्रम कोरचे, म्हणजे ड्रम आणि पितळी वाद्यं वाजवत संचलन करणाऱ्या तरुणांच्या पथकांचे, व्हिडिओ दाखवले की ती थक्क होतात. मला मात्र त्यामागची पडझड सलते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे चर्च आणि माजी सैनिकांच्या संघटना गावोगावी मुलांची पथकं चालवायच्या, शेकडो होती. १९७२ मध्ये 'ड्रम कोर इंटरनॅशनल' या संस्थेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. दर्जा विलक्षण चढला, पण त्याबरोबर उन्हाळाभर देशभर फिरणं आलं. बस, डिझेल, जेवण, पगारी प्रशिक्षक. आज एका मोसमाची फी हजारो डॉलर आहे. आश्रयदाते मागे सरले, छोटी पथकं मिटत गेली. आता काही डझनच उरलीत.

शिखरावरचं वादन अजूनही अफाट आहे. आटले ते खालचे झरे.

म्हणून आमच्या बैठकीत बक्षिसाच्या स्पर्धेचा विषय निघाला की मी विचारतो, ज्याला अजून टिपरू धरता येत नाही तो पोरगा कुठे उभा राहणार? ढोल पथकाचा असावा, सरावाचं मैदान चालत जाण्याजोगं असावं, आणि वर्गणीपायी कोणी घरी बसू नये. यंदाही हेच मांडणार आहे.